सव्वाचारशे तोळे

निलोफर मुल्लाणी, वय बावीस,
खोगिराचा पट्टा आवळता आवळता म्हणाली,
"काका, माणसाचं डोकं पाच किलोचं असतंय.
ते पुढं पडलं की घोडीच्या पुढच्या पायावर पडतंय."
मी मनात हिशेब केला, सवयच ती.
पाच किलो म्हणजे जुने सव्वाचारशे तोळे.
एवढा माल मी एकरकमी कधी हाताळला नाही,
आणि तो रोज खांद्यावर घेऊन
गुजरीतनं घरी चालत येत होतो, बिनपावतीचा.

रंकाळ्याच्या काठाला, उजाडायच्या आधी,
सुपारी उभी. पांढरी, एका कानाला तांबूस ठिपका.
लगीनसराईत ती वरातीला जाते.
"नवरदेव सगळे खालीच बघत्यात," निलोफर म्हणाली,
"तिला तुमच्यासारख्यांची सवय हाय."

तीस वर्षं शेगडी, फुंकणी, चिमटा.
साजाचं एकेक पान: चंद्र, कमळ, मासा, भुंगा.
मान मोडून काम कर, असं वडील म्हणायचे,
आणि त्यांनी स्वतः ते शब्दशः केलं.
गेले तेव्हा तिरडीवर डोकं टेकेना.
हनुवटी छातीकडं, जणू अजून
कुठला तरी सुटलेला डाग शोधत होते.
मग पंचाची घडी सरकवली मानेखाली.
मीच सरकवली.

"मान वर!"
वर केली तर ताठ झाली.
"ताठ नको ओ, भांडायला निघालाय व्हय?
कान खांद्यावर आणा. खांदा कमरेवर.
हनुवटी आत, पण गिळू नका.
टाळूवरचा एक केस धरून
कुणीतरी वर ओढतंय समजा. हळू."
एका केसावर सव्वाचारशे तोळे.
एवढी बारीक तार माझ्या जंतरातनं कधी निघाली नाही.

तिसऱ्या दिवशी समोरनं म्हशी आल्या,
गंगावेशीकडं निघालेल्या, धारेच्या वेळेला.
मी म्हशींकडं बघितलं
आणि सुपारी म्हशींकडं निघाली.
घाबरून गवळ्याच्या किटलीकडं बघितलं,
सुपारी किटलीकडं.
गवळ्यानं माझ्या घराण्याचा उद्धार केला.
निलोफर पोट धरून हसली, मग जवळ आली.
"जिकडं बघाल तिकडं ती जाणार.
लगाम तिला नंतर कळतोय, मान आधी.
डोळं तिच्या दोन कानांच्या मधनं काढा. लांब."

लांब काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.
माझं लांब म्हणजे ऐरणीपासून भिंगापर्यंत.
दोन कान. एक ठिपक्याचा.
त्यांच्या मधलं धुकं विरळ झालं
आणि जोतिबाचा डोंगर दिसला.
म्हणजे तो तिथंच होता.
सुपारी चालली. मी काहीच केलं नाही.
मानेत कुठंतरी कट्ट झालं, कडी बसावी तसं,
आणि घोडीच्या पाठीची लय
कमरेतनं वर चढत चढत
डोक्यापर्यंत आली नि तिथं गप्प झाली.

दुपारी दुकानात परत तेच.
सोनं खालीच असतं,
वर बघून त्याला डाग देता येत नाही.
डॉक्टरांचा पट्टा खुंटीला लोंबतोय.

चारच्या सुमाराला उत्तूरच्या एक बाई
साज घालून बघायला आल्या.
मी मागं उभा राहून आकडा अडकवत होतो.
सहज आरशात बघितलं.
कुणी न सांगता बाईंनी मान मागं घेतली होती,
हनुवटी ना वर ना खाली,
कान खांद्यावर,
नजर आरशाच्याही पलीकडं.
तीस वर्षं एवढ्या मानांना साज घातला,
प्रत्येक मान अशीच उभी राहिली असणार.
मी दर वेळी आकड्याकडं बघत होतो.

"बसला का नीट?" त्यांनी विचारलं.
"बसला," म्हणालो. "जरा तशाच राहा."