मार्केट यार्डामागं

या महिन्यात प्रभुभोजनाचं कापड धुवायचं आमच्याकडे.
पाळकीणबाईंनी घडी हातात देताना सांगितलं,
"जपून हां एस्तेर, मिशनच्या काळातलं आहे."
मी हात पदराला पुसले, मगच घेतलं.
पुसून काय होणार होतं?

सहा दिवस मी हळद निवडते.
गट्टू वेगळे, हळकुंडं वेगळी, कणी वेगळी.
सांगलीत हळद अंगाला लागायला लग्न लागत नाही.
घाम पुसला की
आमच्या बिनटिकलीच्या कपाळावर
आपोआप मळवट भरतो.
बायका विचारतात, "एस्तेर, आज कुणाचं गं लगीन?"
मी म्हणते, तुमच्या मुकादमाचं.

घरी येऊन घडी उलगडली.
कोपऱ्यात, भरतकामाच्या क्रुसाला लागून
माझा अंगठा.
पिवळा, रेषांसकट.
रेशनच्या यंत्राला चार चार वेळा सापडत नाही तो,
इथं कसा छापल्यासारखा.

साबण लावला.
साबण लागला की हळद लाल होते,
हे मला नवीन नाही.
तरी पोटात धस्स झालं.
पांढऱ्यावर, क्रुसाशेजारी, ओलं लाल.
मोरीत उकिडवी बसून बघत राहिले.
नळ ठिबकत होता.
कुणीतरी आत आलंय असं वाटलं,
आणि आधी लाजच वाटली:
शांतवनचे डेपोतले ऑइलचे कपडे तसेच पडलेले,
बसायला द्यावा तर पाटसुद्धा नाही.

दादा हरिपूरला पेवात उतरायचे.
आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, तर कुणी खाली जायचं नाही.
जळत राहिला, तर म्हणायचे, "चला, आहे."
काय आहे, ते कधी बोलले नाहीत.
हवा, असं मी धरून चालले होते.
रविवारी चर्चमध्ये त्यांना प्रार्थना करायला सांगितली
की उभे राहायचे, घसा खाकरायचे,
बराच वेळ टोपी चुरगळायचे,
आणि "आमेन" म्हणून बसायचे.
आम्ही पोरं खुसुखुसु हसायचो.
दादा, तुमची प्रार्थना
आठवडाभर दोरीनं सोडून झालेली असायची.
मधलं सगळं आम्हाला ऐकू कसं येणार?

खळखळून धुतलं. डाग पुन्हा पिवळा.
ऊन लागलं की जातो.
पण ऊन उद्या, आणि उपासना साडेआठला.

तासगावचे काळे बेदाणे भिजत घातले रसासाठी.
पावाचे चौकोनी तुकडे केले, एकशेदहा,
कार्यक्रमपत्रिकेसारखे सारखे नाही झाले.
कडा उरल्या. तव्यावर तेल, मिरची, मोहरी,
आणि हात गेलाच, चिमूटभर हळद.
शांतवन म्हणाला, छान झालंय, अजून आहे का?
पवित्र कुठवर आणि रात्रीचं जेवण कुठून,
ते सुरीला कळलं नव्हतं.
मी विचारायला गेले नाही.

पहाटे तारेवर कापड टाकलं.
शेजारची हौसाक्का तिची शेळी आवरत उभी राहिली,
"तुमच्या देवाचं हाय न्हवं? मी बघती, तू आवर."
तिनं शेळीची दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन धरली.
ऊन यायला वेळ होता.
यार्डातला वास मात्र आला होता, रोजचा,
कोरडा, कडसर, घशाला लागणारा.

साडेआठला कापड वेदीवर होतं.
पाळकांनी भाकरीचं ताट
नेमकं त्याच कोपऱ्यावर ठेवलं.
बघून ठेवलं की सहज, कोण जाणे.
पाळकीणबाई माझ्याकडे बघत होत्या.
मी पंख्याकडे.
मग रांग हलली, माझी पाळी आली,
हात पुढे केला,
पिवळाच.