नियंत्रण गट

काच क्रमांक एकशे चौदा. नाव नाही.
नावं कपाटात, किल्ली दुसऱ्याच्या खिशात,
मोजताना माझा हात कुणाकडे झुकू नये म्हणून.
एका माणसाच्या हजार पेशी
डोळ्यात तेल घालून बघायच्या
आणि शोधायचा मोठ्या केंद्रकाशेजारी
तुटून पडलेला बारीक ठिपका,
वाक्य संपायच्या आधीच सांडलेला पूर्णविराम.
सात. आठ.
मान अवघडते. नऊ.

पोर्तोपासून तासाभरावर, उतारावरचं हे बुटांचं गाव.
खाली कारखाना, वर बिऱ्हाडं.
खिडक्या बारा महिने बंद,
कारण वारा लागला की सोल्यूशन आधीच सुकतं
आणि तळवा धरत नाही.
हे मला आदोझिंदानं सांगितलं,
चाळीस वर्षं ब्रश धरून तर्जनी वाकलेली बाई.
रक्त काढताना सुईकडे नाही,
माझ्या पायांकडे बघत होती:
"इथले नाहीत हे. शिवण कच्ची आहे."

सोल्यूशन न हुंगलेली माणसं गोळा करणं जास्त कठीण.
बेकरीतले नऊ, पोस्टातले चार,
शाळेतले अकरा, एक पाद्री, तोही कुरकुरत.
एक माणूस कमी पडत होता.
म्हटलं, मी आहे की.
बाही वर केली, फॉर्म पुढे ओढला.
प्रश्न सतरावा, माझाच लिहिलेला:
वयाच्या बारा वर्षांआधी कारखान्याच्या वर राहत होता का?

फळ्यांच्या फटींतून वर यायचा तो वास,
जास्त पिकलेल्या नासपतीसारखा,
आणि खाली बेल्मीरू, माझे वडील, ठोकत असायचे.
ठक, ठक, मग ब्रशची शांतता.
त्या शांततेत मला झोप लागायची.
वडील रक्ताच्या आजारानं गेले.
पण ते सिगारेटही ओढायचे,
आणि सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही
हे मीच मुलांना शिकवते, दर ऑक्टोबरात.

'हो'वर खूण केली.
माझंच नाव मी खोडलं.
ना या यादीत, ना त्या.

दोन वर्षांनी आकडा घेऊन गेले:
एक पूर्णांक सात पट.
आदोझिंदानं चष्मा पुसला.
"माझं काय?"
"हा गटाचा आहे. एकट्याचं सांगता येत नाही."
"म्हणजे पायाचं माप न घेता
बूट शिवलास."

मला उत्तर सुचलं नाही.
भिंतीवर नवा पंखा, मालकानं अहवालानंतर लावलेला,
पात्यांवर प्लास्टिक तसंच.
तपासणीला कुणी आलं की फिरतो म्हणे.
मी त्याच्याकडे बघतेय हे तिनं बघितलं
आणि विषय बदलावा तसं म्हणाली,
"काढ तो डावा. किती दिवस असा बोलका घेऊन फिरणार?"

स्टुलावर बसले, एक पाय मोज्यात.
तिनं टाच उलटी धरली, डब्याचं झाकण उचकटलं.
नासपती.
पन्नास वर्षांची बाई मी, आणि डोळे जड झाले.
"खिडकी उघडू?" मी विचारलं.

"थांब," ती म्हणाली, अंगठ्यानं कड दाबत.
"चिकटू दे आधी."