मोजणी

पहाटे तीनला गोरिसहून निघालो.
बस वार्दगेसची, ब्रेक देवाचे.
यादीत बावीस नावं. मी डोकी मोजली : तेवीस.
पुन्हा मोजली.
वार्दगेस म्हणाला, झोपा बाई, पाच तासांचा घाट आहे.

येरेवान आलं तेव्हा निम्मी मुलं
ओकून हलकी झाली होती
आणि उरलेली जर्दाळू खात होती.

आधी चौक. गुलाबी दगडाच्या इमारती,
मधोमध रिकामी जागा.
इथे एक पुतळा होता, मी सांगितलं,
तुमच्याएवढी असताना आम्ही त्याला फुलं वाहायचो.
मग?
मग काढला.
कुठे ठेवला?
ह्याचं उत्तर सातवीच्या पुस्तकात नाही.
चला, रांगेत. तेवीस.

कोपऱ्यावर पाणी प्यायचा दगडी नळ,
कमरेएवढा. तोटी नाही, चावी नाही,
वीतभर धार वर उडते, परत पडते, रात्रंदिवस.
न्वार्द सगळ्यांत आधी वाकली.
ती शरदात आली, डोंगरापलीकडून,
एका गाडीत नऊ जण आणि एक शिवणयंत्र.
तेव्हापासून नवी यादी कुणी टाइप केलेली नाही.
बाई, ह्याच्यावर नाव आहे.
असतं. कुणी गेलं की घरचे बांधतात,
येणाऱ्याजाणाऱ्याने पाणी प्यावं म्हणून.
तिने खालचे आकडे वाचले, मनात वजाबाकी केली,
म्हणाली, एकोणीस,
आणि ओठ पुसले.

मग त्या पायऱ्या. मी म्हटलं, पाचशे बहात्तर.
मुशेघने मोजल्या : सहाशे चार. वाद घालायला मला दम नव्हता.
पायथ्याशी काळं गलेलठ्ठ मांजर, ब्राँझचं.
इतिहासापेक्षा त्याच्यापुढे जास्त फोटो निघाले.

टेकडीवरची आई : हातात आडवी तलवार.
ह्याच चौथऱ्यावर तिच्याआधी दुसरा एक उभा होता,
भरघोस मिशांचा. चौथरा तोच राहिला.
तिचे हात दुखत नसतील? कुणीतरी विचारलं,
आणि ते विचारेपर्यंत अर्धा वर्ग
मागच्या पाळण्याच्या तिकीटखिडकीशी पोचला होता.
वेळापत्रकात पाळणा नव्हता.
वीस मिनिटं, मी म्हटलं. पन्नास लागली.
वर गेल्यावर आरारात दिसतो,
आपला म्हणून चित्रात काढतो तो, सीमेपलीकडचा.
मी खाली थांबले, तेवीस दप्तरं सांभाळत.

शेवटी ज्योत.
बारा दगड वाकून उभे तिच्याभोवती,
उतरायच्या पायऱ्या इतक्या उभ्या
की पावलांकडे बघावंच लागतं, मान आपोआप खाली जाते.
बसमध्ये तयार केलेलं भाषण माझ्या पर्समध्येच राहिलं.
मुलांनी कार्नेशनची फुलं ठेवली.
मुशेघने आधी देठ मोडून बघितला, मग ठेवलं.
इथे माणसं मोजू नयेत असं वाटत होतं.
मोजली.

परतीला काळोख.
बसभर लवाश, चीज आणि मोज्यांचा वास.
न्वार्दच्या मांडीवर बाटली, नळाच्या पाण्याने भरलेली.
काय आवडलं तुला?
खूप वेळ ती काचेतून बाहेर बघत राहिली.
आमच्या गल्लीतपण होता तसा नळ,
आजोबांच्या भावाचा.
मग, माझ्याकडे न बघता :
बाई, त्याचं पाणी अजून चालू असेल?

वार्दगेसचं पेन मागून घेतलं,
यादी गुडघ्यावर ठेवली,
तेविसाव्या ओळीत तिचं नाव लिहिलं.
वळणावळणाला अक्षर पांगत गेलं.
पुढचा रकाना पत्त्याचा.

तेवढ्यात करकचून ब्रेक.
रस्ताभर मेंढ्या, दिव्यांच्या उजेडात डोळे चमकवत
सावकाश पलीकडे जाणाऱ्या.
मेंढपाळाला घाई नव्हती.
झोपलेली मुलं उठून काचांना चिकटली
आणि मोजायला लागली.