सांधा

सकाळी साडेआठला सफवानच्या घरी लाइट आली
आणि जग सुरू झालं.
आमचं जग विजयदुर्गला असतं, सफवानच्या माळ्यावर,
त्याच्या मामाने मस्कतहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरात.
लाइट गेली की थांबतं.
धबधबा अर्ध्यात, बकरी उडी मारता मारता.

मी तांबळडेगला, जिन्याच्या चौथ्या पायरीवर.
तिसरीवर रेंज नाही, पाचवीवर ऊन.

आज गडगा घालायचा होता.
परवा रात्री झोंबी शिरले, निनादचं दार फोडलं,
म्हणून गावाभोवती गडगा, तीन चिरे उंच.
निनादने मोजणी केली, आणि
ग्लेनिसचं गाजराचं शेत राहिलं बाहेर.
पाच पावलं सरक, ती म्हणाली.
मग माझं तळं कापतं, तो म्हणाला.
वीस मिनिटं हेच. अगदी खऱ्या वाडीसारखं,
फक्त कोर्टाची तारीख तेवढी पडली नाही.
शेवटी गडग्याला तिथे कोपर काढलं.

दुपारपर्यंत मी खाणीत.
खाली उतरत जायचं, दर आठ पावलांवर मशाल,
कोळसा लागला तर घ्यायचा,
लोखंड लागलं तर ओरडायचं.
दोन कुदळी मोडल्या.

जांभा ह्या जगात नाही.
सुरुवातीला फार शोधला. जिकडे तिकडे करडा कातळ.
मग ग्लेनिसने नदीतली चिकणमाती भाजून बघितली
आणि विटकरी रंग निघाला,
जांभ्याचा लांबचा चुलत भाऊ,
अंगावर एक भोक नसलेला.
तेव्हापासून मी खणते, निनाद वाहतो, ती भाजते.

मध्येच ती गेली. नाताळ चार दिवसांवर,
मालवणात तिला खरा गोठा करायचा होता, खऱ्या पेंढ्याचा.
परत आली तेव्हा तिच्या सहाही भट्ट्या पेटत्या होत्या.
कोळसा कोणी घातला, तिने विचारलं नाही.
मीही नाही. मी घातला नव्हता.

साडेपाचला बाबा आले चिरेखाणीवरून.
भुवया तांबड्या, पापण्या तांबड्या,
कानात अजून मशीन चालू, म्हणून बोलणं मोठ्याने.
माझ्याखाली बसले, तिसरीवर.
"काय गो ह्या?"
"गडगो."
"किती चिरे?"
"बाराशे."
"हातान?"
"होय."
"आणि मजुरी कोण देता?"
"कोण नाय."
त्यांनी मोबाइल घेतला, डोळ्यांपासून लांब धरला,
खरी भिंत बघतात तसा डावा डोळा मिटला.
"सांध्यार सांधो इलो मा सगळो. पडतली ही."
मी सांगितलं, इथे चिरा सरकत नाही अर्धा,
चौकटीत बसतो, चौकटीवर चौकट,
आणि माल लागत नाही,
आणि पडत तर काहीच नाही, बाबा.
खालचा चिरा काढला तरी वरचा तसाच राहतो, हवेत.

बराच वेळ बघत राहिले.
"मगे बांधतंस कित्याक?"

उत्तराची वाट न बघता उठले.
पायरीवर त्यांच्या बसण्याएवढी लाल धूळ राहिली.
न्हाणीतून पाण्याच्या आवाजावरून ओरडले,
"कोपऱ्यार तरी सांधो मोड गो!"

सांधा मोडता येत नाही.
पण भाजताना थोडी माती फिकी निघाली होती.
कोपऱ्यावर मी एक गडद लावला, एक फिका,
पुढच्या थराला उलट,
लांबून बघितलं तर चिरे एकमेकांत घुसल्यासारखे.
निनादने लिहिलं, हे काय?
मी लिहिलं, असंच.
ग्लेनिसने काही न लिहिता पेटीत आणखी फिके ठेवले.

सात दहाला सफवानची लाइट गेली.
एक चिरा लावायचा राहिला होता.

बाबा बाहेर आले, डोक्याला पंचा, भुवया आता काळ्या.
"झालो?"
"एक रवलो."
त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर काही नव्हतं,
नुसतं गोल फिरणारं चाक.
"रवांदे," म्हणाले. "खालचो माल सुकांदे आदी."