गुण लागला

नववी ‘ब’च्या भर वर्गात हत्तुरे बाईंनी
माझी भूमितीची वही नाकाशी धरली.
“घरी विड्या कोण वळतं गं?”
आमच्या घरी कुणीच नाही.
वडील एसटी डेपोत हिशेब लिहायचे,
आई कडक भाकऱ्यांचे गठ्ठे बांधून दुकानात द्यायची.

वास भाग्यलक्ष्मी चिलवेरीच्या घरचा होता.
विडी घरकुल, शेवटून दुसरी ओळ,
नळाला चार दिवसांआड पाणी,
तरी पानं भिजवायला बादली राखलेली,
आणि मांडीवर सूप घेऊन बसलेली भाग्या.

तिला वाचता यायचं, पण हात अडकलेले.
माझे हात मोकळे, पण गणित येईना.
म्हणून मी मोठ्यानं इतिहास वाचायचे
आणि ती मान न उचलता
माझी उदाहरणं सोडवायची.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
त्यातून मुकादम काढील ती छाट वजा.
“शेकडेवारी म्हणजे छाटच की,” ती म्हणाली,
दोऱ्याला गाठ मारली,
आणि दोन वर्षं फळ्यावर न कळलेलं
मला तिथं फरशीवर कळलं.

पाढे तिचे तेलुगूतले.
येडु येनिमिदुल याभै आरु.
सात आठे छप्पन्न माझ्या जिभेवर कधी टिकलं नव्हतं.
हे टिकलं. का, ते माहीत नाही.

फ्रेंच राज्यक्रांती तिला एका दुपारीच पाठ झाली,
सहाशे विड्यांत.
बॅस्टिलचा तुरुंग फुटला तेव्हा
तिची आई आतून काहीतरी बोलली.
भाग्या हसली,
“विचारतीय, मग मजुरी वाढली का त्यांची?”
पुस्तकात ते नव्हतं.

सहामाहीला मला गणितात सदुसष्ट. आधी एकतीस होते.
तिला इतिहासात अठ्ठावन्न.
हे कुणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिलंच नाही.
पाहिली ती वही.

बाई वाईट नव्हत्या.
वडिलांना बोलावून एवढंच म्हणाल्या,
“ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की...”
पुढचं वडिलांनी मनात पुरं केलं.
वाण नाही पण गुण लागला.
कुणाचा कुणाला, किती पैकी किती,
ते कुणी मांडून दाखवलं नाही.

माझा बाक बदलला.
खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.
खिडकीजवळ, पंख्याखाली,
शेजारी वकिलांची अवंती, तिच्या डब्यात पराठे.

जानेवारीत गड्ड्यावर, पाळण्याच्या रांगेत,
मागून कुणीतरी ओरडलं, “येडु येनिमिदुल?”
अवंतीनं विचारलं, “तुला हाक मारतायत का?”
मी म्हणाले, “नाही गं.”
आणि पाळणा वर गेला.
वरून तलाव दिसला, दिवे दिसले,
ती कुठे उभी होती ते दिसलं नाही.

वार्षिकला माझे गणिताचे त्र्याहत्तर.
लागतील तेवढे पाढे माझे शिकून झाले होते.
भाग्याला इतिहासात बावीस.
दहावीच्या हजेरीत चिलवेरी आडनाव नव्हतं,
‘च’नंतर बाई थेट ‘ज’वर गेल्या,
मीच तेवढी मध्ये एकदा थांबले.

आता चादरींच्या दुकानात मी गल्ल्यावर बसते.
यंत्र आहे, तरी आधी तोंडी करते.
काल एका गिऱ्हाईकानं सातशेच्या आठ घेतल्या.
“किती झाले?”
“याभै आरु,” मी म्हणाले,
मोठ्यानं, रांगेत मागे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
तो म्हणाला, “काय?”