पत्त्याची ओळ

दर सहा महिन्यांनी मी यादी घेऊन निघते.
प्रत्येक नावापुढे तीन चौकोन:
जिवंत, मृत, संपर्क नाही.
गाडी दवाखान्याची, पेट्रोलची पावती जपून ठेवायची.

खाट चौदा आणि खाट पंधरा.
एकाच मंगळवारी दोघांची आतडी कापली,
एकाच डॉक्टरनं, जवळपास एकाच जागी.
टप्पाही एकच. तिसरा.

चौदा नंबर, श्यामकांत वरभे, रिटायर्ड ग्रामसेवक,
तालुक्याच्या लेआउटात राहतात.
फाटक स्वतः उघडतात, कुत्र्याला दटावतात.
पोटावरच्या पिशव्या कुरियरनं येतात,
खोकी जिन्याखाली रचलेली.
"चहा घेऊनच जा."
पहिल्या चौकोनात खूण. बशी रिकामी व्हायच्या आत काम संपतं.

पंधरा नंबरसाठी गाडी नाल्याशी सोडावी लागते.
मग चपला हातात.
लेतूबाई टेकाम, कोलामपोड.
दोन वर्षं तिला मूळव्याधच होती;
आधी पाल्याची, मग बाजारच्या दिवशी बसणाऱ्या डॉक्टरची,
मग कोणाचीच नाही.
"रगत पडते त पडू दे म्हनलं.
बाईले रगताचं काय नवल?"

पहिल्या भेटीत पिशवी धुऊन
तुराट्यांच्या कुडावर वाळत घातलेली.
एक पिशवी म्हणजे एका दिवसाची मजुरी,
आणि मे महिन्यात गोंद टिकत नाही.
म्हणून कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा,
पट्ट्याला खिसा, खिशाला बटण:
निळं, शाळेच्या सदऱ्याचं.
"पाय ना माय, कशी फ्याशन केली!"
ती हसली. मीपण हसले.
फॉर्मवर त्याला जागा नाही.

दुसऱ्या भेटीत विचारलं, सलाईन किती झाल्या?
सहापैकी तीन.
चौथीला नाला भरलेला,
पाचवीला एसटी आलीच नाही,
सहावीचं ती काही सांगेना.
नखानं भुईवर रेघा ओढत बसली.

तिसऱ्या भेटीत कुडावर काही नव्हतं.
खाटेवर एक पोरगी चिंच चोखत होती.
तिनं मोहाच्या झाडाकडे बोट केलं,
मग त्याच्याही पुढे.
तिच्या सदऱ्याला वरून तिसरं बटण नव्हतं.

साहेब म्हणाले, कारण लिहा, आतड्याचा कर्करोग.
लिहिलं. खोटं नाही ते.
मग पत्त्याची ओळ आली.
दोन बोटं लांब असते ती;
लेआउट, प्लॉट नंबर सत्तावीस, एवढं तिच्यात मावतं.
पोड मावत नाही.
मी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं:
डांबरी संपते तिथून पायी,
नाल्यापलीकडे,
पाणी गुडघ्याखाली असेल तरच.