उजवीकडच्या खिडक्या

बाईंच्या ऑफिसात मी चोवीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो.
पणजीत, मळ्यातल्या एका माडीवर. खाली बेकरी,
ट्रेसिंग पेपरला पावाचा वास यायचा.
पेन्सिली ठेवायला चांदीचा एक कप,
काळा पडलेला, एक कान तुटका.
सहा महिने मी त्यात पेन्सिलींचा भुसा टाकत होतो.
मग बेकरीवाला मिंगेल म्हणाला, अरे वेड्या,
ही दिवाडीची लिबेराता कुलासो.
चौदा वर्षांची असताना मांडवी पोहून
रायबंदरच्या धक्क्याला लागली होती,
सगळ्या पोरग्यांच्या आधी.

बाई स्वतः त्याबद्दल बोलत नसत.
लिस्बनला शिकायला गेल्या त्याचंही एकच वाक्य:
"एकवीस दिवस पाण्यावर, एकदासुद्धा पाण्यात नाही."

त्या फक्त मोजत. मीटरमध्ये नाही, हातांत.
"व्हरांडा अकरा हात कर."
मी माझं कोपर ते बोट पुढे धरलं.
"तो नव्हे रे. मारायचा हात."
आणि टेबलाशी उभ्या राहून
साडीचा पदर खोचून खांदा फिरवून दाखवला.
मी तो नंतर टेपनं अंदाजे मोजला,
वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला:
एक मीटर बेचाळीस.

त्यांच्या घरांत लांब पॅसेज असे,
दर तिसऱ्या हाताला एक खिडकी,
उजवीकडे.
डावीकडे चिऱ्याची सलग भिंत.
म्हापशाचे डॉक्टर भांडले, शिरोड्याचे भाटकार भांडले,
वारा आरपार नको का, बाई?
वारा असायचाच. कुठून यायचा
ते माझ्याच नकाशात मला सापडत नसे.

एकदा दिल्लीचे एक गृहस्थ आले.
नदीकाठी प्लॉट, आणि पाहिजे होता स्विमिंग पूल,
काजूच्या आकाराचा.
बाईंनी नकाशात विहीर दाखवली, चिंच दाखवली,
गटारसुद्धा दाखवलं,
पूलच्या जागी लिहिलं: नदी, चाळीस पावलं.
काम गेलं. दोन महिने मला अर्धा पगार.
तो राग अजून थोडा शिल्लक आहे.

वीज गेलेल्या एका संध्याकाळी
मेणबत्ती शोधता शोधता त्याच म्हणाल्या,
"डावीकडे होडी होती. होडीत पाय.
त्याला पोहता येत नव्हतं.
काठ घट्ट धरून सारखा माझं नाव घेत होता.
एकदा जरी बघितलं असतं ना,
हात वर करून चढले असते आत.
म्हणून श्वास उजवीकडे."
काडी पेटली.
"त्या पायरीची लेव्हल परत तपास," म्हणाल्या.

बाई जाऊन आता सहा वर्षं झाली.
कप मिंगेलच्या मुलीकडे आहे, तिनं तो घासून पांढरा केलाय.
परवा ऐकलं, शिरोड्याचं घर पाडतायत.
गेलो.
शिंपल्यांच्या झडपा आधीच कुणी विकल्या होत्या.
पॅसेजमधून चाललो: एक, दोन, तीन,
मान उजवीकडे. एक, दोन, तीन.
मलाही पोहता येत नाही, हे सांगायचं राहिलं.
अर्ध्यात डावीकडून ऊन आलं.
भिंतीला भगदाड.
मी बघितलं तिकडे.
जेसीबीवर बसून एक पोरगा डबा खात होता.
घास तसाच हातात ठेवून म्हणाला,
कुणाला शोधताय?